फिलाडेल्फियाची सव्वा मूठ

धुळे
रविवार, २२ जून २०२५

आबा,

नमस्कार करते, माफी मागत नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, म्हणजे पत्र संपेपर्यंत तुम्हाला उगाच वाट बघायला नको.

फोन केला की तुम्ही "राँग नंबर" म्हणून ठेवता. सख्ख्या पुतणीचा आवाज राँग नंबर कधीपासून झाला हो? जितूदादाकडं निरोप दिला, तर तो तुमचाच मुलगा, म्हणतो, "आबांनी ऐकलं, टोपी घातली आणि केळीच्या मळ्यात निघून गेले." मग मला सुचलं. ज्या माणसानं उभा जन्म पोस्टमन म्हणून गावाला पत्रं वाटली, तो स्वतःच्या नावाचं पाकीट न फोडता ठेवेल का? बोटं शिवशिवतील तुमची. आता अडकलात. वाचा.

लिहायचं कारण असं. परवा फैजपूरच्या लग्नात एका बाईनं आईला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या साक्षीनं कानबाईच्या गव्हासमोर मोठ्या काकाले इंग्रजी शिवी देल्ली म्हने, ते काय व्हती?" भावकीतले झुलालकाका तीन वर्षं हेच सांगत फिरताहेत. आता ते शिरपूरला राकेशच्या आईपर्यंत पोचलंय. होणाऱ्या सासूनं मला अगदी गोड आवाजात विचारलं, "कॉलेजात तुम्ही काय शिकवता?" म्हटलं, इतिहास. तर म्हणाल्या, "मग बरं." ते "मग बरं" मला अजून टोचतंय.

तर आबा, फिलाडेल्फिया ही शिवी नाही. ते अमेरिकेतलं एक शहर आहे. तिथं एकदा माणसं मोजण्यावरून मोठी भांडाभांडी झाली होती, आणि त्या दिवशी तुमच्या ओसरीवर बसल्या बसल्या मला तीच आठवली.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं एकदा ऐका. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आपल्याकडं कानबाई देवी चौरंगावर बसते, तिच्या नैवेद्याचे जाड गव्हाचे रोट होतात, आणि ते फक्त भावबंदांनी खायचे. आदल्या दिवशी गहू मोजायचे. पहिली मूठ कानबाईच्या नावाची, मग सात घरांतल्या एकेका पुरुषामागं सव्वा मूठ. जितूदादाचा आरव तेव्हा दोन महिन्यांचा होता, दुपट्यात झोपला होता, त्याची सव्वा मूठ पडली. मी एमए झाले होते, कॉलेजात शिकवत होते, मी तिथंच परातीशेजारी बसून खडे निवडत होते. आमच्या घराची एकच मूठ, बाबांची. मी एवढंच म्हणाले, "आबा, माझी?" सगळे हसले. कानबाई बाई म्हणून तिची पहिली आणि मी बाई म्हणून माझी नाहीच, हे काय गणित आहे, म्हणून मी परत विचारलं. तर तुम्ही लाडानंच म्हणालात, "रडू नको वं पोरी. तुही अर्धी मूठ टाकतो. झालं ना समाधान?"

त्या अर्ध्यानं माझं डोकं फिरलं. नाही म्हणाला असतात तर मी भांडून गप्प बसले असते. मी ओरडले, "आबा, तुम्ही पण फिलाडेल्फियाचेच निघालात!" आणि चप्पल घालून चालू लागले. माझ्यामागं आई, आईमागं बाबा, बिचारे पिशवी शोधत. नंतर कळलं की तुम्ही परातीतले गहू परत कोठीत ओतले आणि म्हणालात, "एक घर उठलं. रोट होनार नाही." त्यानंतर दोन श्रावण गेले, कानबाईचा चौरंग कोरडाच.

आता हा तिसरा येतोय. तुळशीचं लग्न झालं की माझं आहे. पत्रिका मी स्वतः घेऊन येणार आहे, तेव्हा राँग नंबर म्हणून दाखवा. लग्न झालं की मी त्या घरची, मग आपले रोट मला चालत नाहीत. म्हणजे मोजायचंच असेल तर हा शेवटचा श्रावण आहे. मला माझी मूठ हवी आहे आबा, पूर्ण. आणि ती का हवी आहे हे कळायला तुम्हाला फिलाडेल्फियाला यावं लागेल. वाट लांबची आहे, मी सुरुवातीपासून सांगते.

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातून माणसं जहाजात बसून निघाली. पहिली जी टिकली, ती निघाली सोन्यासाठी. शेत कसायचं सोडून सोनं उकरत बसली आणि हिवाळ्यात उपाशी मेली. घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, चामड्याचे जोडे शिजवून खाल्ले. काही वर्षांनी दुसरं एक जहाज वरच्या थंड मुलखात लागलं, त्यात बायकापोरंही होती. पहिल्या हिवाळ्यात निम्मी गेली. उरली ती तिथल्या मूळ माणसांनी जगवली. मका कसा लावायचा, आळ्यात मासळीचं खत कसं घालायचं, हे त्यांनी शिकवलं. मका त्यांचा. मिरची, बटाटा, टमाटाही अमेरिकेकडचाच. आणि आबा, हातातला चष्मा सांभाळा, गंगाफळ, पुस्तकातला लाल भोपळा, तेही तिकडचंच. आपण कानबाईच्या ताटात जी गंगाफळाची भाजी वाढतो, ते गंगाफळ समुद्र ओलांडून आलंय.

पुढं त्या खाऊ घालणाऱ्यांचं काय झालं, ते लिहायला आज हात वळत नाही. त्यांच्या जमिनी गेल्या, एवढं सांगते.

अक्काला नमस्कार सांगा.

तुमची राँग नंबर,
साक्षी

---

धुळे
रविवार, ६ जुलै २०२५

आबा,

तुमचं कार्ड आलं! मी गेटवरच उभ्याउभ्या वाचलं आणि वॉचमनकाकांना पण वाचून दाखवलं. "पत्र पावले. पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलेला. नवा पोस्टमन पितांबर हुशार म्हणून पावले. गंगाफळ आपलेच आहे. कानबाई काय अमेरिकेहून आली? लता म्हणते, मिरचीचे तर नावच काढू नको. बाकी क्षेम."

तीन वर्षांनी तुमचे शब्द बघितले. पिनकोडावरून रागावलात तरी चालेल, पण रागावलात. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, वॉचमनकाका म्हणाले, काही वाईट का? म्हटलं, नाही, पिनकोड चुकला.

गंगाफळाचं मात्र मी मागं घेणार नाही. मिरचीचंही नाही. तुमची लता, आमची अक्काकाकू, तिला म्हणावं, तू ठेचा केलास की तो आपला.

पुढं ऐका. बघता बघता त्या किनाऱ्यावर तेरा वसाहती झाल्या. तेरा घरं म्हणा. बाप एकच, इंग्लंडचा राजा, पण चुली तेरा. कुणाकडं तंबाखू, कुणाकडं मासळी, कुणी देवधर्मात बुडालेलं, कुणी नफ्यात. एकमेकांचं पटायचं नाही. खालच्या गरम मुलखात तंबाखूला राबायला माणसं कमी पडली, तर आफ्रिकेतून माणसं पकडून आणली. बेड्या घालून, जहाजाच्या तळाशी आडवी रचून. त्यांना विकलं, विकत घेतलं, त्यांची पोरंही विकली. हे मी दर वर्षी शिकवते.

राजानं लांबून कर लावले. कागदावर कर, मग चहावर. लोक म्हणाले, कराचं आम्ही बघून घेऊ, पण आम्हाला विचारलं का? आमचं कुणी तुमच्या सभेत बसतं का? राजा ऐकेना, तेव्हा बोस्टनच्या पोरांनी रात्रीतून चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. माझ्या वर्गातल्या ऋतिकाला त्या चहाचंच फार वाईट वाटलं. मग लढाई. तेरा घरं एक झाली आणि बापाला कागद लिहून पाठवला की आम्ही वेगळे निघालो, सगळी माणसं जन्मतः सारखी आहेत. लिहिणाऱ्यांतल्या कितीकांच्या घरी गुलाम होते. लिहिताना ते आठवले का नाही, कुणास ठाऊक.

त्याच वर्षी एका बाईनं नवऱ्याला पत्र लिहिलं होतं. नवरा त्या सभेत बसणारा मोठा पुढारी. ही घरी, पोरं, गुरं, शेत सगळं एकटी बघणारी. तिनं लिहिलं, नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा. त्यानं उत्तर पाठवलं, तुझं वाचून हसू आलं. चांगला माणूस होता आबा, बायकोवर जीव होता त्याचा. पण हसला.

मला तुमच्या ओसरीवरचं हसणं आठवलं. लागलंय मला ते.

बाबांचं सांगते. तुमचा भाऊ तीन वर्षं गंगाफळ खात नाही. आई करते, ते ताटात बाजूला सारतात. आई विचारते, पोट बरं नाही का? ते म्हणतात, "रोटासोबत खाऊ." वर्कशॉपमधून येतात, टीव्ही लावतात आणि बातम्यांत केळीचे भाव लागले की आवाज मोठा करतात. आपलं केळीचं एक झाड नाही इथं. ते कुणासाठी ऐकतात, मला कळत नाही का?

पिनकोड या वेळी दोनदा तपासलाय.

साक्षी

---

धुळे
गुरुवार, १७ जुलै २०२५

आबा,

"चहा फेकला हे चूक केले. पुढे फिलाडेल्फिया कधी येणार? लता रोज विचारते." एवढंच कार्ड. म्हणजे तुम्ही माझी पत्रं मोठ्यानं वाचता आणि अक्का ऐकते. बरं वाटलं. घ्या, आलं फिलाडेल्फिया.

लढाई जिंकली, राजा गेला. तेरा घरं एकमेकांकडं बघत बसली. आधी एक कामचलाऊ करार होता, त्यात असं होतं की मोठं काही बदलायचं तर तेराच्या तेरा घरांनी हो म्हणायचं. एक जरी नाही म्हणालं की अडलं. सतराशे सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला सगळे जमले, नवी घटना लिहायला. बोलणं बाहेर फुटू नये म्हणून एवढ्या उकाड्यात खिडक्या बंद. आणि भांडण कशावरून? मोजायचं कसं यावरून. मोठी घरं म्हणाली, डोकी मोजा, ज्याची डोकी जास्त त्याचं वजन जास्त. लहान घरं म्हणाली, वा रे वा, घर म्हणून मोजा, सगळी सारखी. शेवटी दोन सभा केल्या. एकीत डोक्यांप्रमाणं, एकीत घराप्रमाणं. ही खूप शहाणपणाची तोड होती, मी मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवते.

मग डोकी मोजायला बसले तर प्रश्न आला, गुलाम मोजायचे का? ठरलं, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. लिहून ठेवलं घटनेत. माणसाचे पाच भाग करून तीन मोजले आणि दोन टाकून दिले.

आता कळलं तुमची अर्धी मूठ ऐकून मी का पेटले? शिकून आले होते, ताजं होतं, जिभेवर तेच आलं.

पण आबा, मी शिक्षिका आहे, अर्धं सांगून चालणार नाही. गुलाम पूर्ण मोजा असं कोण म्हणत होतं, माहीत आहे? त्यांचे मालक! डोकी वाढली की मालकांचं वजन वाढणार होतं. गुलामांना काही मिळणार नव्हतं, पाचातले पाच मोजले असते तरी. परवा वर्गात मी हे सांगितलं तर ऋतिका उभी राहिली. तिला राग आला की ती घरच्या अहिराणीत बोलते. म्हणाली, "मॅडम, बठ्ठा मोजी लिधात तरी त्यासले काय भेटनं?" मी म्हटलं, काही नाही. आणि तिचा प्रश्न घेऊनच घरी आले.

कारण मला मग काय हवंय? सव्वा मूठ गहू? ते धुळ्यात कुठंही मिळतात. मोजण्यापेक्षा विचारणं मोठं. तुम्ही अर्धी दिलीत की पूर्ण दिलीत, देणारे तुम्हीच. माझ्या हातात काय? हा विचार मी दोन दिवस चघळतेय आणि तुम्हालाही चघळायला पाठवतेय.

अजून एक आहे, आणि खरं म्हणजे त्यासाठीच आज लिहायला बसले.

तेरा घरांतलं एक घर फिलाडेल्फियाला आलंच नाही. ऱ्होड आयलंड नावाचं, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हट्टी. लोक त्याला नावं ठेवायचे. वर्गात मी त्याच्याबद्दल सांगताना मला नेहमी आपलं घर आठवतं, उठून गेलेलं. बाकीच्या बारांनी काय केलं? त्यांनी नियमच बदलला. म्हणाले, तेरा कशाला, नऊ घरं हो म्हणाली की पुरे. नऊ झाली आणि नवं राज्य सुरू पण झालं. ऱ्होड आयलंड बाहेर बसलं होतं, बसू दिलं. नंतर ते आलं शेवटी, पण धमक्या ऐकून आलं.

काल हे पेपरांत तपासत होते, तुमच्या पुतणीच्या वर्गातल्या पोरांनी काय काय लिहिलंय ते एकदा वाचाच, आणि मधेच माझं पेन थांबलं.

तुम्ही नऊवर चालवलं नाही आबा.

सात घरं आपली. आमचं एक उठलं, सहा बसली होती. गहू मोजलेले, दळायला निघालेले. झुलालकाका म्हणाले असतील, एका घरावाचून काय अडतं. तुम्ही परात ओतून दिलीत. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आबांनी रागानं रोट मोडले, मला शिक्षा म्हणून. रागानं माणूस आम्हाला सोडून रोट करतो. आमच्यावाचून न करणारा माणूस रागावलेला नसतो. हे मला अडीचशे वर्षांपूर्वीच्या लोकांची गोष्ट सांगताना कळलं, घरात बसून कळलं नाही.

बाबांना हे वाचून दाखवलं. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ कुंड्यांना पाणी घालत बसले. कुंड्या दोनच आहेत.

नागपंचमी एकोणतीसला आहे. कानबाई तीन ऑगस्टला. बाकी तुम्ही बघा.

साक्षी

---

धुळे
सोमवार, २८ जुलै २०२५

आबा,

कार्ड मिळालं. "शनिवारी गहू मोजणे. रविवारी रोट. प्रेमराजने सहकुटुंब यावे. कापूर आणावा, इथला ओला झाला आहे."

बाबांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलंय आणि त्यावरून हात फिरवतात. कापूर चार डब्या आणलाय. आईनं ठेवणीतली साडी काढली, परत ठेवली, परत काढली.

पण आबा, सव्वा की अर्धी ते तुम्ही लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही, मला ओळखू येतं. मला झोप येत नाही. राकेश म्हणतो, "विचार ना सरळ फोनवर." त्याला काय सांगू, आमच्याकडं सरळ विचारलं की राँग नंबर लागतो.

एवढं सांगते, या वेळी मी उठून जाणार नाही. बाबांना पुन्हा पिशवी शोधायला लावायची नाही. अर्धी पडली तरी बसून राहीन. पण मग रोट माझ्या घशाखाली उतरणार नाही, आणि तुम्ही "खा ना वं पोरी" म्हणू नका, मला रडू येईल.

शनिवारी दुपारच्या गाडीनं यावलला उतरतो.

साक्षी

---

धुळे
रविवार, १० ऑगस्ट २०२५

अक्का,

दचकलीस ना? हे पत्र तुझं आहे. आबा, तुम्ही वाचत असाल तर थांबा, पाकिटावरचं नाव बघा, घडी घाला आणि जिचं तिला द्या. अक्काला वाचता येतं. सातवी पास आहे ती, तुमच्या आधी.

अक्का, तिथं सगळं एवढ्या घाईत झालं की तुझ्याजवळ बसून बोलता आलं नाही. मी आता शांतपणे पुन्हा एकदा सगळं आठवतेय, तू पण आठव.

शनिवारी संध्याकाळी ओसरीवर सातही घरं बसली. आबांनी सुपात गहू घेतले. पहिली मूठ कानबाईची. मग एकेक घर. झुलालकाकांच्या घराच्या चार पडल्या, ते माझ्याकडं बघत होते, आता ही कोणत्या गावाचं नाव घेते म्हणून. आबा म्हणाले, "प्रेमराज." बाबांची सव्वा मूठ पडली. मी परातीकडं बघतच नव्हते, आबांच्या अंगठ्याकडं बघत होते, की मूठ किती आवळतात.

आणि त्यांनी मूठ भरलीच नाही. सूप उचललं आणि माझ्या पुढ्यात सरकवलं. "आपल्या हातानं टाक. तुह्या मुठीत किती मावते ते मले काय माहीत?"

झुलालकाका लगेच उठले. "सुपडूभाऊ, असं आपल्यात कधी झालं नाही."

आबा काय म्हणाले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "गंगाफळबी आपल्यात कधी नव्हतं. अमेरिकेहून आलं. तू खातो ना? मांगून मांगून खातो. बस खाली."

अक्का, मी मूठ एवढी गच्च भरली की निम्मे गहू बाहेर सांडले. बाबा ते एकेक वेचून परातीत टाकत होते आणि नाक ओढत होते. मला वाटलं, झालं, संपलं. मिळालं मला. तीन वर्षांचं ओझं उतरलं. मी वर बघितलं तर तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस.

हात ओले होते तुझे. पदराला पुसलेस, आलीस, कुणाला काही विचारलं नाहीस आणि सुपात हात घातलास. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा मी बघितला. तू म्हणालीस, "चाळीस वर्सं दळते, थापते, भाजते. माही मूठ कोनी टाकली? त्या पत्रातल्या बाईले तिचा नवरा हसला. पाहते, इथी कोन हसते."

कुणी हसलं नाही. मग आई उठली. आपली वहिनी, जितूदादाची बायको, उठली. कुंदाबाईकाकू नवऱ्याच्या, झुलालकाकांच्या अगदी जवळून गेल्या, त्यांच्याकडं न बघता, आणि दोन्ही हातांनी टाकले. परात भरली. दुसरी आणावी लागली. आबांनी ती स्वतः उठून आणली.

रविवारी रोट किती झाले ते आपल्या दोघींनाच ठाऊक, माझे हात अजून भरून आलेत. दर वर्षी पुरुषांच्या मुठींचे रोट व्हायचे आणि खायचे मात्र सगळ्यांनी. म्हणून तुम्ही बायका शेवटी बसायच्या, खीर खरवडलेली, आमटी तळाशी, आणि एका रोटाचे तुकडे पाचजणींत. लहानपणापासून मी ते बघत आले आणि मला वाटायचं, तुम्हाला भूक कमी असते. या वेळी तू आबांच्या शेजारी बसलीस. अख्खा रोट, गरम, वर तूप, बाजूला गंगाफळ. तू पहिला घास तोंडात घातलास आणि म्हणालीस, "मीठ कमी पडलं." चाळीस वर्षांनी तुला कळलं की गरम असताना मीठ कमी लागतं. आम्ही एवढं हसलो की आरव घाबरून रडायला लागला.

बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, पौर्णिमेपर्यंत संपवायचे, म्हणून सगळी घरं चार दिवस रोटच खात होती म्हणे. आबांचं कार्ड काल आलं. "रोट संपले. पोट बिघडले. झुलाल दवाखान्यात जाऊन आला, अमेरिकेला शिव्या देतो. बाकी क्षेम." बाबा ते कार्ड वाचून पोट धरून हसले. त्यांनी काल गंगाफळ खाल्लं, दोनदा मागून.

बसस्टँडवर मी तुला म्हटलं, अक्का, पुढच्या श्रावणात मी दुसऱ्या घरची असेन. तर तू म्हणालीस, "खायले येता नाही आलं तरी सव्वा मूठ गहू पारसल कर. यांनी जनमभर लोकाची पारसलं वाहिली, एक तुही वाहतील." आबा शेजारी उभे होते, त्यांनी ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, "पिनकोड पाठ आहे ना?"

पाठ आहे म्हणावं.

आणि अक्का, एक तुझ्याशीच. मी चार पत्रं लिहिली. माणसं मोजण्यावर पानंच्या पानं भरली. चारही पाकिटांवर नाव आबांचं. तू मेथी निवडत ऐकत होतीस आणि मी शेवटी लिहिलं, अक्काला नमस्कार सांगा, तेही एकदाच. भांडून मी माझी मूठ मागितली, तुझी मला सुचलीच नव्हती. तुझी तुलाच घ्यावी लागली. बरं केलंस घेतलीस ते.

या पाकिटावर मी कुणाची बायको, कुणाची आई असं काही लिहिलेलं नाही. नुसतं लताबाई, आणि खाली पत्ता. पितांबर दारात सायकल लावेल आणि तुझ्या नावानं हाक मारेल. आबा सवयीनं उठतील, त्यांना उठू देऊ नको. तू जा. हात पुस आणि घे.

तुझी,
साक्षी